विक्रीकर नसलेला प्रांत

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात काही खरेदी केलीत तर पावतीवर केंद्राचा ५ टक्के कर दिसेल, प्रांताचा मात्र एक सेंटही नाही. देशाच्या दहा प्रांतांत विक्रीकर न घेणारा हा एकटाच. टोरंटोहून कॅलगरीला राहायला गेलेल्या आपल्या मराठी माणसालाही त्या पावतीचं अप्रूप वाटतं. आज मला बोलायचंय ते या न घेतलेल्या कराबद्दल आणि त्याची किंमत कोण मोजतं याबद्दल.

१९३५ ते २०१५ अशी ऐंशी वर्षं या प्रांतावर दोनच पक्षांनी राज्य केलं. आधी ‘सोशल क्रेडिट’, १९७१ पासून ‘प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह’. पहिल्याची सुरुवात बंडखोरीची होती. त्याचे नेते विल्यम अ‍ॅबरहार्ट हे शाळेचे मुख्याध्यापक आणि रेडिओवरचे बायबल-प्रवचनकार. मंदी आणि दुष्काळाने शेतकरी पिचलेला असताना त्यांनी प्रत्येक प्रौढाला महिना २५ डॉलर देण्याचं वचन दिलं आणि बँकांविरुद्ध दंड थोपटले. ते पैसे कधीच मिळाले नाहीत. उलट १९३६ मध्ये अ‍ॅबरहार्ट यांच्याच सरकारने २ टक्के विक्रीकर बसवला आणि वर्षभरात मागे घेतला. विक्रीकर नसणं हा आपला जन्मजात स्वभाव आहे असं मानणाऱ्यांना हे प्रकरण सहसा आठवत नाही.

मग १३ फेब्रुवारी १९४७ ला एडमंटनजवळ लेडूकला तेल लागलं. तेव्हा सोशल क्रेडिटचेच अर्नेस्ट मॅनिंग मुख्यमंत्री होते. पंचवीस वर्षं त्या खुर्चीवर राहिले आणि रेडिओवरची प्रवचनंही देत राहिले. तेलाच्या पैशातून रस्ते, शाळा, रुग्णालयं उभी राहिली. माझ्या मते इथेच लोकांची समजूत घडली. जमिनीखालच्या योगायोगाने जे दिलं, ते काटकसरीच्या, देवभीरू कारभाराने दिलं असं वाटू लागलं. बँकांशी भांडणारा पक्ष तेल कंपन्यांचा सोबती झाला, आणि १९६३ मध्ये ६३ पैकी ६० जागा त्याच्या पदरात पडल्या.

पुराणमतवादी म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी, असं मी म्हणणार नाही. १९७१ ला सत्तेवर आलेले पीटर लॉहीड पुराणमतवादीच होते. पण तेल जनतेचं आहे, तेव्हा जनतेने मालकासारखं वागावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी कंपन्यांकडून रॉयल्टी वाढवून घेतली आणि १९७६ मध्ये ‘हेरिटेज फंड’ उभा केला. तेल-वायूच्या उत्पन्नातले ३० टक्के त्यात जायचे. १९८३ मध्ये ते १५ टक्क्यांवर आले, १९८७ मध्ये भरणाच थांबला. नॉर्वेने आपल्या निधीत पहिला पैसा टाकला तो १९९६ मध्ये, म्हणजे वीस वर्षं उशिरा. आज ५५ लाख लोकवस्तीच्या नॉर्वेकडे दीड लाख कोटी अमेरिकी डॉलरहून अधिक शिल्लक आहे. ५० लाखांच्या अल्बर्टाकडे सुमारे ३,००० कोटी कॅनेडियन डॉलर. नॉर्वेच्या समुद्रात तेल कमी खोल होतं म्हणून हे घडलं नाही. तिथले लोक कर भरत राहिले आणि तेलाचा पैसा बाजूला ठेवत राहिले. अल्बर्टात तेलाचा पैसा हाच कर झाला.

भाव उतरला की मग काय होतं? १९९० च्या दशकात मुख्यमंत्री राल्फ क्लाइन यांनी खर्चाला कात्री लावली. क्लाइन आधी कॅलगरीचे महापौर होते, आणि त्याच कॅलगरीतलं जनरल हॉस्पिटल ४ ऑक्टोबर १९९८ ला सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आलं. ज्या वॉर्डांत माणसं जन्मली, मेली, त्यांचा धुरळा लोकांनी उभं राहून पाहिला. सात वर्षांनी, भाव चढल्यावर, त्याच सरकारने माणशी ४०० डॉलरचे धनादेश वाटले. मला या दोन घटना वेगळ्या करता येत नाहीत. १९९५ मध्ये तर कायदाच झाला, की सार्वमताशिवाय विक्रीकर लावायचा नाही. स्वतःचे हात असे बांधून घेतलेलं सरकार पुढच्या मंदीत पुन्हा रुग्णालयाकडेच वळणार.

घरचा हिशेब चुकला की बोट ओटावातल्या केंद्र सरकारकडे दाखवायचं, ही तिथली जुनी सवय. तिला खरं कारणही आहे. १९८० मध्ये पिएर ट्रुडो यांच्या केंद्र सरकारने तेलाचे भाव आणि महसूल आपल्या मुठीत घेतले, ती जखम खोटी नाही. पण ते धोरण १९८५ पर्यंत मोडीत निघालं. हेरिटेज फंडातला भरणा त्यानंतर थांबला, आणि तो एडमंटनने, म्हणजे प्रांताच्याच सरकारने थांबवला.

शेतकऱ्याचं दुःख मला यात सर्वांत जास्त बोचतं. जमीन त्याची, पण खालचं खनिज बहुतेक ठिकाणी प्रांताचं. त्यामुळे गव्हाच्या शेतात कंपनीचा पंप उभा राहणार हे तो रोखू शकत नाही. वर्षाचं भाडं तेवढं मिळतं. तेलाची विहीर आटली, कंपनी बुडाली, की भाडं थकतं आणि गंजलेली विहीर शेतात राहते. अशा बेवारस विहिरींना तिथे ‘अनाथ’ म्हणतात. ग्रामीण पालिकांचा कोट्यवधी डॉलरचा करही तेल कंपन्यांनी थकवला आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की दिवाळखोर कंपनीने सावकारांआधी विहिरी बुजवण्याचं देणं फेडावं. आणि २०२३ मध्ये सरकारने नव्या पवन व सौर प्रकल्पांची मंजुरी सात महिने रोखली ती कशासाठी? शेतजमीन वाचावी आणि कंपन्यांनी साफसफाईची हमी आधीच द्यावी म्हणून. ही मागणी रास्तच आहे. तेलाच्या विहिरींच्या बाबतीत ती सत्तर वर्षांपूर्वी व्हायला हवी होती.

२०१५ ते २०१९ न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचं सरकार होतं, पण तेलाचा भाव आधीच कोसळला होता आणि विक्रीकराला तेही शिवलं नाही. ऐंशी वर्षांचं राज्य असं विरोधकांच्याही मनात घर करतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुराणमतवादी मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ यांनी हेरिटेज फंड २०५० पर्यंत २५,००० कोटी डॉलरवर नेण्याची योजना मांडली. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्प आला. त्यात पहिल्या ६० हजार डॉलरवरचा आयकर १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला होता, आणि तूट धरली होती ५२० कोटींची.