अलार्मची पेटी लाइनवर सर्वांत आधी

घरफोडीचा अलार्म वाजतो तेव्हा भोंग्याबरोबरच त्याची पेटी लँडलाइनवरून ठरवून दिलेल्या नंबरांना फोन लावते. ही पेटी जवळच्या फोनच्या डबीला समांतर जोडणं सोपं असतं. चाचणीत फोन लागतो आणि काम झालं असं वाटतं. तरीही ही जोडणी भरवशाची नाही. सगळे रिसीव्हर जागेवर असताना लाइनवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्ट येत असतात. एक रिसीव्हर उचलला की हा दाब दहा व्होल्टच्या आसपास उतरतो आणि लाइन त्या फोनच्या ताब्यात जाते. मग समांतर जोडलेल्या पेटीला स्वतःचा डायल टोन मिळत नाही. घरात शिरलेल्या माणसानं एक रिसीव्हर काढून ठेवला तरी तेवढं पुरतं. म्हणून बाहेरून आलेली तार पहिल्या डबीतून थेट पेटीत न्यावी आणि पेटीतून निघणाऱ्या जोडीवर घरातले सगळे फोन घ्यावेत. फोन लावायच्या क्षणी पेटीतला रिले पुढचे फोन तोडतो आणि लाइन मोकळी करून घेतो. ब्रॉडबँड त्याच तांब्याच्या तारेवर असेल, तर स्प्लिटर पेटीच्याही आधी हवा. चाचणी मात्र एक रिसीव्हर मुद्दाम काढून ठेवूनच घ्या.

यावर कुणी विचारेल, पेटीच बिघडली तर घरातले सगळे फोन बंद पडतील ना? शंका रास्त आहे. अमेरिकेत यासाठी आरजे-३१एक्स नावाचं सॉकेट वापरतात. प्लग उपसला की आतले संपर्क आपोआप जुळतात आणि फोन पूर्ववत चालू होतात. तसं सॉकेट मिळालं नाही, तर पेटी वगळून लाइन पुढे नेणारा स्विच तंत्रज्ञाकडून बसवून घ्या. स्वतः हात घालणार असाल तर आधी बाहेरची तार सोडवा, कारण घंटी वाजताना त्याच तारांवर सुमारे ७५ व्होल्ट एसी येतो आणि तो चांगलाच झटका देतो. विजा कडाडत असताना हे काम करूच नये. टेलिफोनची तार २३० व्होल्टच्या वायरिंगबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका, आणि लाइन घरात शिरते तिथे अर्थिंग केलेला सर्ज प्रोटेक्टर लावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चोर बाहेरची तारच कापेल. कापू शकतो. म्हणून लाइनवरचा दाब गेल्याचं ओळखून लगेच भोंगा वाजवणारी पेटी घ्यावी, आणि शक्य असेल तर सिमकार्डवरून फोन लावणारा दुसरा मार्गही ठेवावा. फायबरचं कनेक्शन असेल तर हा दुसरा मार्ग मला आवश्यकच वाटतो. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीकडून मिळते, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी ती चालू राहते. फायबरमध्ये मात्र घरातल्या मॉडेमची वीज गेली की फोनही गेला. अलार्मच्या पेटीत स्वतःची बॅटरी असली, तरी तिचा निरोप त्या बंद मॉडेमपाशीच अडेल. तेव्हा मॉडेम इन्व्हर्टरवर घ्या.