बिल कुणाचे, लेखणी कुणाची? विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राविषयी थोडेसे

(आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या मंडळींनी आम्हाला सांगितले, "विद्यापीठात असताना तुम्ही पोरं पेपर काढत होता ना, त्याबद्दल दोन शब्द बोला." दोन शब्दांत हे संपणारे नाही. पण मागे खिरीची पातेली ठेवलेली आम्हाला दिसताहेत, तेव्हा फार वेळ घेणार नाही.

१९९५ साली आम्ही चौघांनी वसतिगृहातून चार पानांचे पाक्षिक सुरू केले. दोघे याच वस्तीतले, एक नांदेडकडचा आणि एक ताई बुलढाण्याकडची. पाचशे प्रती, किंमत एक रुपया. मजकूर डी.टी.पी. सेंटरवर रात्री नऊनंतर टाइप करायचा, कारण त्या वेळेला सेंटरवाले अण्णा निम्मे पैसे घेत. छपाई गावातल्या एका लहानशा छापखान्यात. घड्या आम्हीच घालायच्या, कॉटवर बसून. आणि विक्री कुठे? मेसच्या दारात. जेवायला तर सगळेच येतात!

विद्यापीठाचे स्वतःचे वार्तापत्र होते. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. पण त्यात पाहुणे कोण आले आणि सत्कार कुणाचा झाला एवढेच असे. शिष्यवृत्ती कधी येणार, वाचनालय आठलाच का बंद होते, आमटीत डाळ का सापडत नाही, हे त्यात कधीच नसे. म्हणून आम्हाला वाटले, आपले आपण काढू.

तिसऱ्या अंकापर्यंत उत्साहावर चालले. चौथ्या अंकाला छापखान्याची उधारी थकली. अशा वेळी गावातले एक पुढारी म्हणाले, "पोरांनो, वर्षभराचं बिल माझ्याकडे लागलं. पहिल्या पानावर आमचा एक फोटो तेवढा टाकत जा." खोटं कशाला बोला, आम्हाला मोह झाला. रात्री दोन वाजेपर्यंत वाद चालला. शेवटी ताईने एकच प्रश्न विचारला, "मेसचं कंत्राट त्यांच्या भाच्याकडे आहे. उद्या आमटीची बातमी आली, तर छापायची की नाही?" कुणाजवळच उत्तर नव्हते. म्हणजे उत्तर मिळालेच होते. ज्याच्या हातात छपाईचे बिल, त्याच्या हातात लेखणी. दुसऱ्या दिवशी जाऊन आम्ही त्यांना नम्रपणे नकार दिला.

मग घरोघर, म्हणजे खोलीखोली फिरलो. वर्षाची वर्गणी वीस रुपये. सायकलवाला, झेरॉक्सवाला, खानावळवाल्या मावशी यांच्या लहान लहान जाहिराती घेतल्या. एकट्याने मोठी रक्कम देऊ केली, तर घ्यायची नाही. मोठा जाहिरातदार रुसला की पेपर बंद पडतो. मावशी रुसल्या, तर फार तर एक चौकट रिकामी राहते.

ही अक्कल काही आमची नव्हती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, हे आपण दरवर्षी ऐकतो. पण पुढचे ऐकत नाही. 'मूकनायक' बंद पडले. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले, तेही पैशाअभावी १९२९ साली थांबले. तरी १९३० साली 'जनता' आले आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. मधल्या काळात आपला स्वतःचा छापखाना असावा म्हणून त्यांनी धडपड केली. लेखणी तर त्यांच्याकडे होतीच. अडत होते ते कागद, शाई आणि टपालखर्चापाशी.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथे विद्यार्थ्यांचे एक वर्तमानपत्र आहे, 'कोलंबिया डेली स्पेक्टेटर'. ते १८७७ साली निघाले, म्हणजे बाबासाहेब तिथे पोहोचले तेव्हा ते छत्तीस वर्षांचे झाले होते. १९३२ साली या पत्राचा संपादक रीड हॅरिस नावाचा विद्यार्थी होता. त्याने लिहिले की विद्यापीठाची खानावळ नफ्यासाठी चालवली जाते, अन्न निकृष्ट असते, आणि तिथे वाढपी म्हणून राबणाऱ्या विद्यार्थ्यांना वाईट वागवतात. बघा, न्यूयॉर्क असो की आपले वसतिगृह, गाडी खानावळीपाशीच येऊन थांबते! विद्यापीठाने हॅरिसला काढून टाकले. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला, प्रकरण वकिलांपर्यंत गेले, आणि थोड्याच दिवसांत विद्यापीठाला त्याला परत घ्यावे लागले. मग त्याने आपणहून विद्यापीठ सोडले.

त्यानंतर तीस वर्षांनी, १९६२ साली, 'स्पेक्टेटर' कायद्याने विद्यापीठापासून वेगळे झाले. वेगळे झाले म्हणजे काय, हे मुलांनी नीट समजून घ्यावे. संस्था वेगळी, खाते वेगळे, जमाखर्च वेगळा. कागदाचे बिल आपले, आणि चूक झाली तर कोर्टात उभे राहणारेही आपणच. स्वातंत्र्य असे दोन्ही हातांनी घ्यावे लागते. आणि ते फुकट टिकतही नाही. २०१४ साली या पत्राला रोजचा छापील अंक थांबवावा लागला.

असेच दुसरे पत्र कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे, 'स्टॅनफर्ड डेली'. १९७१ साली एका निदर्शनाचे फोटो मिळवण्यासाठी पोलिसांनी त्याच्या कचेरीची झडती घेतली. विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. पण त्या निकालाने एवढी खळबळ उडाली, की १९८० साली अमेरिकेच्या संसदेने वर्तमानपत्रांच्या झडतीवर बंधने घालणारा कायदा केला. हरलेल्या पोरांनी सगळ्या देशाला कायदा मिळवून दिला! हे पत्रही १९७३ पासून स्वतंत्र आहे. त्याचे फळ पुढे दिसले. २०२२ साली थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांतील गडबडीविषयी लिहायला सुरुवात केली. चौकशी समिती बसली. अध्यक्षांनी स्वतः माहितीत फेरफार केल्याचे तिला आढळले नाही, पण चुका वेळीच दुरुस्त केल्या नाहीत असा ठपका तिने ठेवला. जुलै २०२३ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला. पत्राचे बिल विद्यापीठ भरत असते, तर ही बातमी छापताना संपादकाला दहा वेळा विचार करावा लागला असता.

टाळ्या नकोत. कारण आता आमच्या चुकीची गोष्ट सांगायची आहे.

१९९६ साली शिष्यवृत्ती चार महिने आली नाही. मेसमध्ये सगळे म्हणत, तिथला कारकून फायली दाबून बसतो, त्याला पैसे हवेत. आम्ही ते ठळक टाइपात छापले. नाव नव्हते, पण त्या टेबलावर माणूस एकच होता. पाचशेच्या पाचशे प्रती एका दुपारी संपल्या. आम्ही खूश! आठवडाभराने तेच गृहस्थ वसतिगृहात आले. वरिष्ठांनी त्यांना मेमो दिला होता. त्यांच्या हातात जावक रजिस्टर होते. प्रत्येक फाईल वेळेत वर गेली होती, तारखेनिशी. वरून अनुदानच आले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "बाळांनो, मीही याच शिष्यवृत्तीवर शिकलो. एकदा विचारलं असतं, तर हे रजिस्टर मीच तुमच्यापुढे ठेवलं असतं."

त्या रात्री कुणाला जेवण गेले नाही. पुढाऱ्याला नकार दिला म्हणून आम्ही स्वतःला स्वतंत्र समजत होतो. पण आम्ही आमच्या रागाचे आणि मेसमधल्या टाळ्यांचे गुलाम झालो होतो. या विहारात आपण सम्यक वाचा म्हणतो. ती बोलण्यापुरती नाही, छापील शब्दालाही लागू आहे. उलट जास्तच, कारण बोललेले विरून जाते, छापलेले कुणाच्या तरी घरी ट्रंकेत राहते.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या टाइपात, आम्ही चूक कबूल केली. शेजारी रजिस्टरमधल्या तारखा छापल्या. काही मुले म्हणाली, "हे फुटले, मॅनेज झाले." दोन अंक खप घसरला. पण त्याच तारखा घेऊन विद्यार्थ्यांचे शिष्टमंडळ योग्य त्या कार्यालयात गेले, आणि दीड महिन्याने शिष्यवृत्ती आली. आरडाओरड्याने जे झाले नाही, ते तारखांनी केले. आणि ते कारकून भाऊसाहेब? त्यांनी वीस रुपये काढून दिले आणि वर्गणीदार झाले.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला आधी विचारायचे. त्याचे म्हणणे छापायचे. कागद पाहिल्याशिवाय आरोप करायचा नाही. आणि चूक झाली, तर जिथे झाली तिथेच दुरुस्त करायची, कोपऱ्यात नाही.

अडीच वर्षांनी आमच्या परीक्षा झाल्या, नोकऱ्या लागल्या, पाक्षिक बंद पडले. मागची फळी आम्ही तयार केली नाही, ही आमची दुसरी चूक. दरवर्षी पहिल्या वर्षाची दोन मुले हाताशी धरली असती, तर कदाचित ते आजही चालले असते.

तुमच्यापैकी कुणाला काढायचे असेल, तर जरूर काढा. आमच्या वेळी १८६७ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र करावे लागे. आता २०२३ चा नवा कायदा आहे, नोंदणी ऑनलाइन होते. ते रीतसर करा, मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापा. पहिल्या दिवसापासून जमाखर्चाची वही ठेवा आणि ती कुणीही मागितली तर दाखवा. जो दुसऱ्याचा हिशोब विचारतो, त्याचा हिशोब आधी चोख पाहिजे.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. वस्तीतली पोरं असा पेपर घेऊन दारात आली, तर "फुकट ठेवून जा" म्हणू नका. किंमत विचारा, आणि तेवढे पैसे त्यांच्या हातावर ठेवा. तेवढ्या पैशांत त्यांच्या लेखणीवर दुसऱ्या कुणाचा हात पडणार नाही.