अनुभवाचा दाखला



व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना इतिहासाची, काव्याची, फार तर राजकारणाची गोडी असते. इंजिनिअरने परवान्यासाठी अर्ज करताना आपल्या अनुभवाची हकीकत कशी लिहावी, हा विषय वसंतातल्या संध्याकाळी ऐकावयाचा नव्हे, हे मला कळते. तरीही मी तो धिटाईने निवडला आहे. कारण आपण सारे या क्षणी ज्या छपराखाली निर्धास्त बसला आहात, त्या छपराच्या कागदावर कोणाची तरी सही आहे. ती सही करण्याचा अधिकार त्या माणसाला कशाच्या बळावर मिळाला, हा प्रश्न केवळ इंजिनिअरचा नाही. तो आपलाही आहे.

या परवान्याची कथा अमेरिकेत सुरू होते, आणि तीही पाण्यापाशी. वायोमिंग हे कोरडे राज्य. तेथे पाण्याचा हक्क मागावयाचा तर अर्जाबरोबर नकाशा जोडावा लागे. क्लॅरेन्स जॉन्स्टन हे त्या राज्याचे मुख्य इंजिनिअर होते. त्यांच्या ध्यानात आले की, वकील, नोटरी आणि असेच कोणी लोक हे नकाशे तयार करून खाली खुशाल 'इंजिनिअर' म्हणून सही ठोकीत आहेत. तेव्हा 1907 साली कायदा झाला आणि चार्ल्स बेलामी हे अमेरिकेतील पहिले परवानाधारक इंजिनिअर ठरले. म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा उगम एका साध्या प्रश्नात आहे: "बाबा रे, खाली सही तुझी आहे, पण काम तुला येते काय?"

आज अमेरिकेतील प्रत्येक राज्यात असा परवाना आहे. सर्वसाधारण वाट अशी: पदवी, मूलतत्त्वांची परीक्षा, बहुधा चार वर्षांचा अनुभव आणि व्यवसायाची परीक्षा. क्रम राज्याराज्यांत थोडा बदलतो. परीक्षांची आपल्या मुलांना भीती नाही. परीक्षा देतच ती लहानाची मोठी झालेली असतात. खरी कसोटी लागते ती अनुभवाच्या कागदाशी.

मी स्वतः तेथे नोकरीस असताना अर्ज केला, तेव्हा माझ्या पदरी साडेचार वर्षे जमा होती. चारच लागत होती. मी ऐटीत लिहिले: "आम्ही तीन पुलांचे आराखडे केले. अमुक प्रकल्पात माझा सहभाग होता. तमुक कामात मी मदत केली." मंडळाने तो कागद परत पाठविला. सोबत एकच पृच्छा होती: यात आपण स्वतः काय केले?

मला राग आला. तो कागद घेऊन मी माझ्या वरिष्ठांकडे गेलो. ते परवानाधारक होते आणि माझ्या कामाची साक्ष त्यांनाच द्यावयाची होती. त्यांनी शांतपणे लाल पेन्सिल काढली आणि जेथे जेथे 'आम्ही' होते तेथे तेथे खूण केली. म्हणाले, "हे सगळे काढ, आणि काय उरते ते मला आणून दाखव."

तीन रात्री मी जुन्या हिशेबवह्या चाळीत बसलो. उरले ते फारच थोडे! अकरा महिने तर मी दुसऱ्याने ठरविलेल्या आकड्यांवरून केवळ परिमाणे मोजीत होतो आणि नकाशे उतरवून काढीत होतो. श्रम खरे होते, पण त्यात निर्णय माझा एकही नव्हता. साडेचार वर्षांचे चोपन्न महिने. त्यांतून अकरा गेले, राहिले त्रेचाळीस. पाच महिने कमी! शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "लिहून टाक रे, कोण पाहणार आहे?" मोह झाला नाही असे म्हणणार नाही; परवान्यावर पगारवाढ अवलंबून होती, आणि घरी पैसे पाठवावयाचे होते. पण वरिष्ठ म्हणाले, "मी जेवढे पाहिले तेवढ्यावरच सही करीन." मी पाच महिने थांबलो.

त्या वह्यांत एक गोष्ट मात्र सापडली, जी मी पहिल्या अर्जात लिहिलीच नव्हती. एका शाळेच्या मैदानाकडेला मातीचा रेटा अडविणारी भिंत बांधावयाची होती. हिशेब धरला होता कोरड्या वाळूचा. भोके पाडून काढलेल्या मातीच्या नोंदीत मात्र चिकणमाती आणि पाणी दिसत होते. मी शंका काढली, पाण्याचा दाब धरून हिशेब पुन्हा केला, पाया रुंद सुचविला आणि भिंतीमागे खडीचा थर व पाण्याला वाट दाखविली. वरिष्ठांनी तपासून ते मान्य केले. भिंत लहान, म्हणून मला ती सांगण्याजोगी वाटली नव्हती! दुसऱ्या अर्जात त्याच भिंतीला पहिले स्थान मिळाले, आणि तिन्ही पूल चार ओळींत आटोपले.

तेव्हा तरुण श्रोत्यांना माझे सांगणे असे. प्रत्येक कामाबद्दल चार गोष्टी लिहा: अडचण काय होती, मी कोणता हिशेब केला, कोणता निर्णय घेतला आणि तो कोणी तपासला. तारखा महिन्यानिशी द्या. मध्ये रिकामा काळ असेल तर तो झाकू नका. आणि हे सारे दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा. माझ्या पहिल्या सात महिन्यांचे वरिष्ठ नोकरी सोडून दूर गेले होते. त्यांच्या एका सहीसाठी मला पत्रांवर पत्रे घालावी लागली.

कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? त्याचे उत्तर 17 जुलै 1981 रोजी कॅन्सस सिटीत मिळाले. एका हॉटेलच्या दिवाणखान्यात टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि 114 माणसे मेली. मूळ योजनेत वरचा आणि खालचा पूल एकाच लांब सळीवर टांगावयाचे होते. पुढे एका सळीच्या दोन केल्या, आणि खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला. दोघांनी एक दोर धरण्याऐवजी दुसऱ्याने पहिल्याचे पाय धरावेत, तसे झाले! वरच्या सांध्यावर दुप्पट भार आला. बदललेल्या नकाशांवर इंजिनिअरचा शिक्का होता, पण त्या सांध्याचा हिशेब कोणीच केला नव्हता. पुढे जबाबदार इंजिनिअरांचे मिसुरीतील परवाने रद्द झाले. शिक्क्याचा अर्थ 'आमच्याकडून गेले' असा नव्हे; 'मी पाहिले' असा आहे. अनुभवाच्या कागदावर जो 'आम्ही'च्या आड लपावयास शिकतो, तो शिक्का मारतानाही तेथेच लपेल.

आता आपल्याकडे वळू. 1920 साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था आपल्या पात्र सभासदांना 'चार्टर्ड इंजिनिअर' ही मान्यता देते; महानगरपालिका आपापल्या यादीत इंजिनिअरांची नोंद करतात. पण आपला नेहमीचा अनुभवाचा दाखला आठवा: "अमुक यांनी आमच्याकडे पाच वर्षे काम केले. त्यांची वर्तणूक समाधानकारक होती." वर्तणूक! त्या सद्गृहस्थांनी पाच वर्षांत एक तुळई तरी स्वतः तोलून पाहिली की नाही, यावर अवाक्षर नाही. आणि असे दाखले आपणच देतो, भिडेपोटी. कोणाचा भाचा असतो, कोणाचा जावई असतो. 'पोराचे कल्याण होऊ द्या' म्हणून आपण सही करतो. कल्याण त्या पोराचे होते. छपराखाली मात्र दुसऱ्यांची पोरे बसतात.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्याने सक्तीची झाली आहे. आपल्याही इमारतीची पाळी कधी येईल. तेव्हा प्रमाणपत्र हाती घेऊन फाइलीत घालू नका. त्या इंजिनिअरला आदराने विचारा, "साहेब, आपण स्वतः कोणते खांब पाहिलेत?" जो खरा आहे, त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. तो वही उघडून दाखवील.