किनाऱ्यावरील पाहुणे पक्षी व आपली शाळा
(मालवण तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागे एकदा फाल्गुनातील एका सकाळी पाचवीच्या मुलांना घेऊन मी देवबागच्या टोकाशी गेलो होतो. कर्ली नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे ओहोटीने वाळू उघडी पडली होती. कुरव, चिखल्या व तुतवार यांचा मोठा थवा तीवर उतरला होता. मुलांना तो नीट दिसावा म्हणून मी मोठ्याने टाळ्या वाजविल्या. थवा उडाला, मुले हरखली, मीही संतुष्ट झालो. तो माझा अडाणीपणा होता, हे मला मागाहून उमगले.

हे पक्षी आपल्याकडे हिवाळ्यापुरते येतात. कुरव मध्य आशियातील सरोवरांकाठी, तर लहान चिखल्या लडाख व तिबेटच्या उंच पठारांवर अंडी घालतो. मार्च-एप्रिलमध्ये त्यांस परतावयाचे असते. त्यासाठी चिखल्या व तुतवार ओल्या वाळूतील किडे व बारीक कुर्ल्या टिपून अंगी चरबी साठवितात. हीच त्यांची वाटेची शिदोरी होय. भरती आली की ती वाळू पाण्याखाली जाते. म्हणजे चरण्याचे तास मोजकेच. थवा विनाकारण उडविला की वेळ जातो आणि साठविलेली शिदोरीही खर्ची पडते. एक टाळी क्षुल्लक खरी. परंतु दिवसभर मुले, कुत्री, होड्या व पर्यटक यांनी त्यांस उठवीत राहिले, तर त्यांनी पोट केव्हा भरावे?

न उडविताही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके पांढरे असते. डोळ्यामागे केवळ एक काळा ठिपका दिसतो. मार्चमध्ये तेच डोके गडद तपकिरी होऊ लागते. चिखल्याच्या छातीवर तांबूस रंग चढतो. दर आठवड्यास तीच जागा पाहणाऱ्या मुलास हा पालट दुर्बिणीवाचूनही ध्यानी येईल. समुद्रगरुड मात्र कोठेही जात नाही. तो येथलाच रहिवासी. पाहुणा कोण व घरचा कोण, हा भेद मुलांनी स्वतः शोधावा.

वेळ घड्याळाने न ठरविता तिथीने ठरवावी. पौर्णिमा वा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत आपल्या किनाऱ्यावर ओहोटी सकाळी येते. पुढे ती रोज सुमारे ५० मिनिटांनी लांबते. आपल्या वर्गातील मासेमाऱ्यांची मुले हे गणित आपणांस शिकवितील. त्या दिवशी त्यांनाच पुढारीपण द्यावे.

थव्यापासून शंभर पावलांवर मुलांना खाली बसवावे. पक्षी माना वर करून चालू लागले, तर आणखी मागे सरावे. वहीत तारीख, वेळ, भरती की ओहोटी, दहा-दहांनी मोजलेली संख्या व पक्षी काय करीत होते, एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे. अंदाजाने नाव लिहू नये. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडे आढळल्यास त्यास हात न लावता त्यावरील अक्षरे व अंक उतरून घ्यावेत व मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावेत. डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने या संस्थेने १९५९ साली स्थलांतराच्या अभ्यासासाठी पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे कार्य हाती घेतले होते.

पुढल्या वर्षी त्याच मुलांसह मी पुन्हा देवबागला गेलो. या खेपेस आम्ही मुकाट बसलो. अर्ध्या तासाने चिखल्या चरत चरत आपण होऊनच जवळ आले. तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, आज टाळी नको हं.”

पुढील मेळाव्यास येताना प्रत्येकाने आपल्या शाळेची वही सोबत आणावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.