घराची मूठ आणि सरकारची मूठ



‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरापुरती खरी आहे. कुटुंबातील आजारपण, कर्ज, मतभेद यांची चर्चा चव्हाट्यावर होऊ नये, हा मराठी समाजाचा जुना संकेत. मात्र मूठ सरकारी कार्यालयाची असेल, तर तिच्यातील पैसा जनतेचा असतो आणि ती उघडून पाहण्याचा अधिकारही जनतेचाच.

हा भेद न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केला आहे. तामिळनाडूतील ‘नक्कीरन’ साप्ताहिक फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर याचे आत्मचरित्र छापू इच्छीत होते. त्यात अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा उल्लेख असल्याने तुरुंग प्रशासनाने हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली निर्णय दिला, की नागरिकाचे खासगी जीवन त्याच्या संमतीविना छापता येणार नाही. परंतु सार्वजनिक दप्तरात नोंदलेली गोष्ट छापता येईल आणि अधिकाऱ्यांची बदनामी होईल म्हणून शासनाला प्रकाशन आधीच रोखता येणार नाही. अत्याचारपीडित स्त्रीचे नाव मात्र दप्तरात असले तरी छापू नये. पुढे २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत अधिकार मानले.

वृत्तपत्रसृष्टीने येथे आपल्याकडेही पाहावे. अपघातात पुत्र गमावलेल्या मातेपुढे माइक धरून ‘आता काय वाटते?’ असे विचारणे म्हणजे पत्रकारिता नव्हे. ती निव्वळ निर्दयता होय.

तथापि आजची खरी चिंता वेगळी आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ८(१)(ञ) नुसार सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अकारण आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या अटी वगळल्या व नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे, एवढे कारण पुरेसे ठरू शकते.

याचा अर्थ गावात काय होईल? सार्वजनिक कामाचा हजेरीपट म्हणजे नावांचीच यादी. नावे झाकली, तर मृताच्या नावे उचललेली मजुरी कोण पकडणार? व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये कायम आहे, असे समर्थक सांगतात. ते खरे आहे. परंतु ती मुभा अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेली आहे आणि अनेकदा चौकशी त्याच्याच कार्यालयाची असते!

न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात पत्रकारितेसाठी सवलत होती. अंतिम कायद्यात ती उरली नाही. तालुक्यातील छोट्या साप्ताहिकाच्या संपादकाला कंत्राटदाराचे नाव छापण्यापूर्वी वकील गाठावा लागू नये, यासाठी ती सवलत परत आणावी. त्याचबरोबर कलम ८(१)(ञ) चे जुने शब्दही पुन्हा जोडावेत. त्यांत नागरिकाच्या घराचे रक्षण होते आणि कार्यालयाचे दारही उघडे राहत होते.