पावती तिच्या नावाची

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्या बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं साताऱ्यात मनापासून स्वागत करते. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच जिल्ह्यातलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली ते काले गावही इथलंच. पुढे साताऱ्यातल्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आजची परिषद या मातीत भरते आहे याचा मला फार आनंद वाटतो. कारण महिलांना दानकार्यात कसं सामील करून घ्यायचं, हा आपला आजचा विषय.

द्यायला त्यांना शिकवावं लागत नाही. हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले देणग्या मागत दारोदार फिरल्या आणि १९१८ साली थेट अमेरिकेला गेल्या. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच मूठभर तांदूळ आहे. स्वयंपाकाला बसताना एक मूठ बाजूला काढणारा हात बाईचाच असतो. पण देणगीदारांच्या फलकावर तो हात दिसतो का?

आमच्याच संस्थेचं सांगते. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई दरवर्षी आपल्या निवृत्तिवेतनातून आम्हाला देणगी देत. पावती मात्र त्यांच्या यजमानांच्या नावाने निघे, कारण आमच्या वहीत घराची नोंद त्यांच्या नावाने होती. यजमान गेले. पुढच्या वर्षी आमचं आभारपत्र गेलं, ते 'श्री. व सौ.' असं छापलेलं. बाई काही बोलल्या नाहीत, पण ते पत्र घेऊन स्वतः कार्यालयात आल्या आणि टेबलावर ठेवून गेल्या. त्या दिवशीची शरम मी विसरलेले नाही.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, काळ बदलला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. बचत गटातल्या बायका कर्ज देतात, वसूल करतात, हिशेब लिहितात. पैसा तिचा झाला, निर्णयही तिचा होऊ लागला. आपली वर्गणी मागण्याची रीत मात्र जुनीच राहिली. अजूनही दार उघडणाऱ्या बाईला आपण विचारतो, "साहेब आहेत का?"

म्हणून चार गोष्टी आग्रहाने सांगते. पहिली, जिने दिलं तिच्याच नावाची पावती करा आणि पॅन क्रमांकही तिचाच घ्या. नावामागे काय लावायचं ते तिला विचारा. दुसरी, पैसे मागण्याआधी तिला काम दाखवा. शाळेत, दवाखान्यात, शिबिरात घेऊन या आणि तिच्या प्रश्नांना नीट उत्तरं द्या. घर चालवणाऱ्या बाईला हिशेब वाचता येतो, त्यामुळे वर्षअखेरीचा ताळेबंद तिच्या हाती द्या. तिसरी, महिना शंभर रुपये देणारीला मोठ्या देणगीदाराइतकाच मान द्या. नेमाने येणाऱ्या लहान रकमांवरच संस्थेचं रोजचं काम उभं राहतं. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, तिला विश्वस्त मंडळात घ्या. हळदीकुंकवाच्या आणि रांगोळीच्या समितीपुरती तिची आठवण ठेवू नका. आणि बैठक संध्याकाळी सातला, चुलीच्या वेळेला, लावू नका. पैसा कुठे खर्च व्हावा हे ठरवण्यात जिला जागा मिळते, ती संस्थेला आपली मानते आणि चार मैत्रिणींनाही आणते.

पुढच्या सत्रांत जाणकार मंडळी यावर विस्ताराने बोलणार आहेत. राहण्या-जेवणात काही उणं राहिलं, तर हक्काने सांगा.

जाताना एवढंच मागणं. गावी परतल्यावर ज्या पहिल्या दारात उभे राहाल, तिथे साहेबांची चौकशी करू नका. म्हणा, "ताई, आम्ही तुमच्याकडेच आलो आहोत."