पानातला अलर्ट: हरितलवक केंद्रकाला काय कळवतं?

आजचा विषय आहे झाडाच्या पेशीतला मेसेजिंगचा.

शाळेत आपण शिकलो की केंद्रक हा पेशीचा बॉस. तो ऑर्डर सोडणार आणि बाकीचे ऐकणार. हरितलवक, म्हणजे क्लोरोप्लास्ट, उन्हात अन्न बनवणार. परीक्षेपुरतं ते ठीक होतं. पण निरोप उलट्या दिशेनेही जातात, हरितलवकाकडून केंद्रकाकडे. आणि ते वेळेवर पोचणं हा रोपट्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

थोडं मागे जाऊ. हरितलवक मुळात बाहेरचं. शंभर कोटी वर्षांपेक्षाही आधी एका पेशीत सायनोबॅक्टेरिया शिरला आणि कायमचा राहिला. पाहुणा घरचाच झाला म्हणा ना! हळूहळू त्याची बहुतेक जनुकं एक तर हरवली, नाहीतर केंद्रकात गेली. अरॅबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप आहे, प्रयोगशाळांचं लाडकं. त्याच्या हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएत प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत फक्त 87. पण त्याला लागणारी प्रथिनं आहेत दोन-तीन हजार! म्हणजे बाकीचा सगळा माल केंद्रकाच्या ऑर्डरवर बाहेर बनून आत येतो.

आता रुबिस्को बघा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं हे प्रथिन. त्याचे 8 मोठे भाग आणि 8 छोटे भाग. मोठ्यांचा कोड हरितलवकात, छोट्यांचा केंद्रकात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एकच फीचर पण रिपॉझिटरी दोन. ताळमेळ नसेल तर काम अडलंच.

मग हरितलवकच बिघडलं तर? हे तपासायला शास्त्रज्ञ नॉरफ्लुराझॉन नावाचं तणनाशक वापरतात. त्याने पानातली कॅरोटिनॉइड्स बनत नाहीत. ही द्रव्यं म्हणजे उन्हापासूनची ढाल. ढाल गेली की उजेडात हरितलवक जळतं आणि रोप पांढरं पडतं. अशा वेळी केंद्रक प्रकाशसंश्लेषणाची बरीच जनुकं बंद करतं. कारखानाच बंद, तर माल कशाला पाठवायचा?

पण केंद्रकाला हे कळतं कसं? 1993 मध्ये अमेरिकेत सुसेक, ऑसुबेल आणि जोआन चोरी यांनी उलटा विचार केला. ज्या रोपांच्या केंद्रकाला बातमी कळतच नाही, तीच शोधायची. त्यांनी अशा एका जनुकाच्या स्विचला निशाणी देणारं जनुक जोडलं. रोपं पांढरी पडली तरी काहींमध्ये तो स्विच चालूच! या रोपांना नाव दिलं ‘गन’, म्हणजे दोन जनुकसंचांमधला दुवा तुटलेली रोपं.

पुढे कळलं की यातली बरीच ‘गन’ जनुकं हरितद्रव्य आणि हीम बनवण्याच्या साखळीतली आहेत. हीम म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं तेच. 2011 मधल्या एका अभ्यासाने मांडलं की हरितलवकात बनणारं हीमच ‘इथे सगळं ठीक आहे’ असा निरोप असू शकेल. ‘गन-1’ मात्र या साखळीतलं नाही, आणि ते नेमकं काय करतं यावर अजून वाद चालू आहेत.

निरोप एकच नाही, बरं का. कडक ऊन पडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तंबाखूच्या कुळातल्या एका रोपात 2017 मध्ये दिसलं की केंद्रकाला चिकटून बसलेली हरितलवकं ते थेट केंद्रकात पोचवतात. मधे कुणी नाही, बॉसच्या टेबलाला टेबल लावून बसल्यासारखं.

आता मुद्द्याचं. बी अंधारात, मातीखाली रुजतं. कोंब वर येतो आणि एकदम उजेड! हरितद्रव्याचा कच्चा माल प्रथिनांशी न जोडता मोकळा राहिला, तर उजेडात त्याच्यामुळे घातक ऑक्सिजन तयार होतो आणि पेशी मरते. म्हणून माल किती आणि केव्हा बनवायचा, हे दोन्हीकडून जुळावं लागतं. ‘गन-1’ बिघडलेली रोपं बरेच दिवस अंधारात ठेवून उजेडात आणली, तर त्यांतली अनेक नीट हिरवी होतच नाहीत.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे: सूचना जरी वरून येत असल्या, तरी ऊन किती आहे हे पहिल्यांदा कळतं खाली काम करणाऱ्यालाच. जे रोप त्याचं ऐकतं, ते हिरवं होतं.